नंदूभाऊजींचं आंबट पिंप

शेखावतजींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पिंपालाच काहीतरी झालं. श्रावणी सोमवार होता, दुपारची वेळ. जयपूरच्या सोडाल्यातल्या आमच्या घरी वीज नुकतीच जाऊन आली होती आणि मी साबुदाण्याच्या खिचडीसाठी दाणे कुटत होते. फोनवर त्यांचं नाव दिसलं. सी-स्कीममधल्या त्यांच्या हॉटेलातही वीज गेली असणार, तळघरातला एसी बंद पडला असणार, पिंप तापलं असणार... "भाभीजी, आप लोग जल्दी आ जाइए," एवढंच ते म्हणाले. "पिंप फुटलं का?" मी गोंधळून मराठीतच विचारलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी हातातला बत्ता नीट खाली ठेवला, गॅस बंद आहे का ते बघितलं, आणि तरीही रिक्षात बसल्यावर ह्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "गॅस बंद केला होता ना मी?" माझे धाकटे दीर नंदकुमार, सगळ्यांचे नंदू आणि माझे नंदूभाऊजी, आपल्या पिंपाशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी जन्माची भित्री. कुलूप लावलं तरी ओढून बघणारी, दूध उतू जाईल म्हणून पातेल्यापाशीच उभी राहणारी. आणि त्या दिवशी नेमकी भलत्याच गोष्टीला घाबरले.

आता हे पिंप म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल की ही बाई दिरापेक्षा पिंपाचंच दुःख करते आहे. आम्ही मूळचे सोलापूरचे. ह्यांची विमा कचेरीतली नोकरी, बदलीवर जयपूरला आलो आणि इथलेच झालो. नंदूभाऊजी अन्नशास्त्र शिकून आमच्या मागोमाग आले. आधी एका डेअरीत होते, मग बिअर बनवायला लागले. चोरून नव्हे हं, रीतसर. सी-स्कीममध्ये शेखावतजींचं हॉटेल आहे, तिथे बिअर तिथल्या तिथेच तयार होते आणि ताजी विकली जाते. आमच्या सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत "नंदू सरबताच्या कारखान्यात आहे" असंच सांगितलेलं होतं. त्याही काही दूधखुळ्या नव्हत्या. "तुझं सरबत फार फसफसतं रे," एवढंच म्हणायच्या. नंदूभाऊजी सगळं खापर माझ्यावर फोडायचे. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ते शाळेत होते आणि उन्हाळ्यात मी ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करायची, ती वाट्यांवर वाट्या प्यायचे. "मला वहिनींच्या आंबिलीनं बिघडवलं," हे त्यांचं वाक्य हॉटेलातल्या साहेबलोकांनाही पाठ झालं होतं.

हॉटेलासाठी करायचे ती बिअर निराळी आणि पिंपातली निराळी. थंड मुलखातले शेतकरी हिवाळ्यात घरच्या धान्याची बिअर करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना प्यायला द्यायचे, तिच्या जातीची ही आंबट बिअर. जयपूरजवळच्या बगरूकडच्या एका शेतातलं जव, त्यात थोडी बाजरी, आणि आंबवायला यीस्टच्या जोडीला आपल्या दह्यात असतात तसले जिवाणू. मग ती लाकडाच्या पिंपात घालायची आणि वर्षभर विसरून जायची. विसरून जायची असं ते म्हणायचे, प्रत्यक्षात रोज खाली उतरून पिंपावर हात फिरवून यायचे. पिंप नाशिकच्या एका वायनरीतून मागवलेलं, जुनं, वाइन मुरलेलं. ट्रकमधून उतरवलं तेव्हा भाऊजींनी त्याला हळदकुंकू लावून नारळ वाढवला होता. शेखावतजींनी सगळ्यांना खोबरं वाटलं. शेखावतजींना त्या पिंपातून पैसे मिळण्यापेक्षा नंदूजींचा हट्ट पुरवण्याचीच हौस जास्त होती, असं माझं मत आहे.

आणि त्याची चव घ्यायची मी. मी, जिनं जन्मात दारूला हात लावला नव्हता! त्यांचं म्हणणं असं, की हॉटेलातल्या माणसांना पुस्तकातले शब्द येतात, वहिनींना आंबटपणा कळतो. लोणचं, कांजी, ताक, आंबील, इडलीचं पीठ... कुठलं आंबट जिवंत आणि कुठलं उतरलेलं, ते वहिनी वासावरून सांगतात. पिंपाच्या पुढच्या बाजूला त्यांनी एक बारीक भोक पाडलं होतं आणि त्यात स्टीलचा खिळा ठोकला होता. खिळा काढला की सुतासारखी धार ग्लासात पडायची. थोडी घेतली की खिळा परत आत. वरचं मोठं बूच ते कधी उघडायचे नाहीत, कारण आतल्या बिअरवर पांढरी साय धरते आणि ती साय म्हणजे तिचं पांघरूण. साय असली की हवा लागत नाही, हवा लागली की बिअरचं व्हिनेगर होतं. मी घोट तोंडात घोळवायची आणि मोरीत टाकून द्यायची. चव घ्यायचा दिवस ठरवण्याआधी ते पंचांग बघायचे. संकष्टी नको, एकादशी नको, माझा सोमवार नको. पहिल्यांदा मी वास घेतला तेव्हा म्हटलं होतं, "अहो भाऊजी, ह्यात गोठा आहे!" मला वाटलं रागावतील. पण हा माणूस टाळ्या पिटत वर गेला आणि शेखावतजींना सांगून आला, "गोठा आला, गोठा आला!" तो वास यावा म्हणूनच म्हणे सगळा खटाटोप होता.

त्यांची बायको मंजिरी मात्र कधी खाली यायची नाही. मंजिरीचे वडील रेल्वेत होते, ती जयपुरातच वाढली, तिची मराठी अर्धी हिंदीतून येते. मनानं अगदी सरळ. तिला त्या पिंपाची असूया होती. "ताई, सवत परवडली असती, मतलब ती दिसली तरी असती," असं ती मला म्हणायची. मी हसायची. पण पिंपावरून त्यांच्यात अबोला धरला जायचा, तेव्हा मला धास्ती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींच्या जिभेच्या कडेला एक फोड आला आणि तो बरा होईना. मी म्हटलं, आजच डॉक्टर. त्याच दिवशी ह्यांनी आणि मी धरून नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रोगाचं नाव सांगितलं, ते मला इथे लिहवत नाही. कॉलेजात असताना सोलापूरला तंबाखू-सुपारीचा मावा खायचे, ते कारण असेल, पिणंही असेल, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. इलाज आहे, म्हणाले. किरणं द्यावी लागतील. आम्ही सगळे रोगाला घाबरलो होतो. नंदूभाऊजींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "चव जाईल का?" डॉक्टर म्हणाले, "जाएगी. बाद में लौट भी आती है, किसी की जल्दी, किसी की देर से." तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. मरणाला न घाबरलेला माणूस ह्याला घाबरला होता.

चव गेली. होळीच्या सुमाराला गेली आणि परत आलीच नाही. वरणभात जेवताना म्हणायचे, "पुठ्ठा कालवून दिल्यासारखं लागतं, वहिनी." सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन कधी मीठ, कधी चिंच, कधी गूळ जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मी पोळ्या लाटत असायची. वळून बघायची हिंमत व्हायची नाही, कारण बघितलं की त्यांना विचारावं लागायचं. आणि इकडे उन्हाळा चढत होता. जयपूरचा उन्हाळा म्हणजे तळघरातसुद्धा भिंती हाताला कोमट लागतात. वीज गेली की पिंप तापणार, तापलं की आतलं आंबणं धावत सुटणार. लूचे गरम वारे सुटलेल्या एका दुपारी वीज गेली ती येईचना, तेव्हा आम्ही दोघांनी ओली पोती आणि वाळ्याचे पडदे पिंपावर पांघरले, आणि भाऊजी त्यावर तांब्यानं पाणी शिंपडत बसले. घशातून धड आवाज निघत नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही घरी चला, तुम्हाला चक्कर येईल." तर म्हणाले, "वहिनी, दोघांपैकी एक तरी शाबूत राहू दे..." दुसरं कोण, ते विचारायची गरज नव्हती.

आणि त्यातच ती गोष्ट झाली. भाऊजी दवाखान्यात होते, तेव्हा मंजिरीला वाटलं की आपण ह्या पिंपाचा फार राग राग केला, आता नंदूसाठी आपणच ते सांभाळावं. ती पहिल्यांदाच एकटी खाली उतरली. वरचं बूच उघडून टॉर्चनं आत बघितलं, तर पांढरी साय! तिच्या आईच्या घरी गाजराच्या कांजीवर अशी पांढरी आली की काढून टाकत. लोणच्याच्या खारावर आली की आपणही काढतोच की. मंजिरी घरी गेली, लोणच्याची लांब दांड्याची बारीक पळी गरम पाण्यानं धुऊन, उन्हात कोरडी करून घेऊन आली, आणि जमेल तितकी साय निगुतीनं काढून टाकली. मग बूच लावलं. संध्याकाळी भाऊजींना अभिमानानं सांगितलं, "बुरशी आली होती, मी साफ केली." ते म्हणाले, "वा! छान केलंस." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते पांढरेफटक होऊन.

"मंजिरीनं साय काढलीय," ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला. मग ते हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, पाणीही गिळवेना. "काय बोलू तिला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली उतरली ती." साय परत धरेल, कदाचित काही बिघडणार नाही, असं म्हणत होते. "पिंप उघडाल तेव्हा माझी जीभ चालत असेल-नसेल. मी असेन-नसेन." मी ओरडले त्यांच्यावर. वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं अभद्र बोलू नये. तर म्हणाले, "बरं, नाही बोलत. पण एक कबूल करा. खोटं सांगायचं नाही. व्हिनेगर झालं असेल तर ओतून टाका म्हणायचं, समोर कुणीही असो. लोक माझ्याकडे बघून गोड बोलतात हल्ली. तुम्ही नका बोलू." मी कबूल केलं. हो म्हणताना काहीच वाटलं नाही, भीती नंतर आली. कारण व्हिनेगर झालं असेल आणि मी तसं सांगितलं, तर ते कुणामुळे झालं हे मंजिरीला कधी ना कधी कळणारच होतं.

तेरावा झाला. आलेगेले परत गेले. मग एक दिवस शेखावतजी घरी आले, बूट काढून खाली सतरंजीवर बसले. म्हणाले, नंदूजींच्या नावानं पिंपातल्या बिअरच्या बाटल्या भरायच्या आहेत, भाभीजी, आप आकर चख लीजिए. मी विचारलं, आणि खराब निघाली तर? ते म्हणाले, "भाभीजी, अब खराब क्या और अच्छी क्या. नंदूजी की है." त्यांचं प्रेमच बोलत होतं, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. व्हिनेगरच्या बाटलीवर ह्या माणसाचं नाव लागणार. आणि ते थांबवायला फक्त मी.

ठरलेल्या दिवशी मी देवाला नमस्कार करून निघाले. दारूची चव घ्यायला निघालेल्या बाईनं देवाला काय म्हणून नमस्कार करायचा? पण केला. हॉटेलच्या दारात मंजिरी उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. केस न विंचरता तशीच आलेली. तळघराच्या पायऱ्यांवर तिनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "ताई, मी मोबाइलवर वाचलं. ती साय काढायची नसते ना?" मी पुढची पायरी उतरले. "नंदू मला छान केलंस म्हणाला होता." खाली गेल्यावर शेखावतजींनी दिवा लावला. स्टूल तिथेच होतं. वाळ्याचे पडदे घडी करून भिंतीशी ठेवलेले.

खिळा मी काढला. धार ग्लासात पडली, खिळा परत बसवला, ग्लास नाकाशी नेला. नाकात गेला तो व्हिनेगरचा वास, झोंबणारा, अगदी नेलपॉलिशसारखा. झालं, गेलं सगळं... मंजिरी माझ्या तोंडाकडे बघत होती, शेखावतजीही. आता शब्द उच्चारायचा तेवढा बाकी होता. बोलण्याआधी ग्लास पुन्हा एकदा नाकाशी नेला, आणि तेवढ्या वेळात डोकं जरा ताळ्यावर आलं. खिळ्यापाशी जे थेंबभर अडकून राहतं त्याला बाहेरची हवा लागलेली असते. भाऊजी पहिली धार नेहमी मोरीत ओतायचे. इतकी घाबरले होते की मी ते विसरलेच होते. ओतलं. दुसऱ्यांदा खिळा काढला. घाईत अर्धी धार माझ्या साडीवर पडली.

ह्या वेळी वास घ्यायला मी फार वेळ लावला. गोठा होता. सुकलेल्या कडब्याचा वास, ओल्या लाकडाचा, मोसंबीच्या सालीचा. घोट घेतला. कैरीचा आंबटपणा, दातांना शिवशिव आणणारा, पण मागे जाऊन मऊ होणारा, आणि शेवटी जिभेच्या टोकावर थोडीशी द्राक्षं, त्या नाशिकच्या वाइनची असतील. कुठेही उतरलेलं नाही, कुठेही मेलेलं नाही. इतकं चांगलं पिंप ह्याआधी त्यांच्या हातून झालं नव्हतं. मी मोरीकडे वळले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला तो घोट.

"चांगलं झालंय," मी म्हटलं. "फार चांगलं झालंय."

शेखावतजींनी डोळे पुसले. मंजिरी मात्र जागची हलली नाही. "खरं सांगताय ना, ताई? माझ्यासाठी नाही ना सांगत?" नंदूभाऊजी गेल्यापासून जो येईल तो तिला गोड गोडच सांगत होता, शांतपणे गेले, काही कळलंही नसेल, आवडत्या जागी गेले. माझ्याही शब्दाला आता तीच किंमत. काय करू, शपथ घेऊ? मी ग्लास तिच्या पुढे केला. तिनं कधी जिभेलाही लावली नव्हती ती गोष्ट. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, तोंड कसनुसं केलं, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. कांजीवर वाढलेली मुलगी ती. आंबट तिलाही कळतं. जिभेवर घोळवत उभी राहिली, मग मान हलवली. "नाही बिघडलं," ती म्हणाली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं, आणि माझ्याही. मला वाटलं, सुटलो.

मग तिनं विचारलं, "ताई, नंदूला हे लागलं असतं का? मतलब, शेवटी शेवटी त्याची चव परत येत होती का?"

व्हिनेगरला मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी ह्या प्रश्नाला घाबरले. उत्तर तयार होतं जिभेवर. हो गं, आंबट तेवढं परत आलं होतं, मला म्हणाले होते. एक वाक्य. कुणाचं काय जाणार होतं? तिला झोप लागली असती रात्रीची. आणि जाण्याच्या आदल्याच दिवशी माझ्या ओट्याशी ते लिंबाची फोड चोखत उभे होते, सगळी फोड चोखून झाली आणि मला म्हणाले होते, "पाणी आहे, वहिनी. नुसतं पाणी." हे फक्त मला माहीत होतं. मी खोटं सांगितलं असतं तर पकडणारं कुणी उरलं नव्हतं.

"नाही, मंजिरी," मी म्हटलं. "काहीच लागलं नसतं त्यांना."

शेखावतजींना मराठी फारशी कळत नाही, पण ते मान खाली घालून दोन पायऱ्या वर गेले. मंजिरी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती कोसळेल, नाहीतर मला काहीतरी बोलेल, आणि दोन्हींना मी तयार नव्हते. ती वळली, स्टुलावर जाऊन बसली, त्याच स्टुलावर, ज्याला आम्ही कुणी त्या दिवसापासून हातही लावला नव्हता. "मग त्याच्या वाटचं मी पिते," ती म्हणाली. आणि एकेक घोट घेत, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत, तिनं तो ग्लास संपवला. मी पिंपाला पाठ टेकून उभी होते. लाकूड गार होतं.

"बोतलें भर लीजिए," मी शेखावतजींना सांगितलं. अर्ध्या पिंपाच्या भरल्या. उरलेल्या अर्ध्यावर नवी बिअर घालून पिंप भरून ठेवायचं, ही भाऊजींचीच रीत, ती हॉटेलातल्या माणसांनी पाळली. आता आतलं पुन्हा मुरतं आहे. कसं निघेल, कुणाला ठाऊक. मला त्याचीही भीती वाटते, ती जायची नाही. परवा पुन्हा चव बघायला गेलो होतो. तळघराच्या तोंडाशी मी नेहमीसारखी थबकले. मंजिरी माझ्या पुढून पायऱ्या उतरून गेली आणि खालून म्हणाली, "या ताई, दिवा लावलाय."